गिळलेल्या शिंका

हिरव्या कापडावर एकतीस वस्तू होत्या. मोठी प्लेट एक, तिच्यावर बसणाऱ्या पट्ट्या चार, डोलणारं चाक धरून चाकं पाच, स्प्रिंगा दोन, चाकांना अडवत-सोडत चालवणारा नांगर एक, स्क्रू चौदा, काटे तीन आणि तबकडी एक. आत्याने त्या ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडल्या होत्या. परत बसवताना फक्त उलटं चालत यायचं. मी समोरच्या स्टुलावर बसून मोजत होते, कारण समोर काही मांडलेलं दिसलं की मोजायचं ही माझी जुनी खोड आहे आणि सुट्टीच्या दुपारी तिच्या दुकानात मला दुसरं काम नसतं. मोजून झालं आणि बत्तिसावी वस्तू आली. आत्याच्या डाव्या नाकपुडीतून एक थेंब सुटला आणि सरळ तबकडीवर पडला. फुटला नाही, पसरला नाही. सातच्या आकड्यावर तो फुगून बसला आणि त्याच्याखालचा सात बाकीच्या आकड्यांपेक्षा मोठा दिसायला लागला. आत्या एक क्षण त्याच्याकडे बघत राहिली, मग टीपकागदाचं टोक लावून तिने तो उचलला. "मेली सर्दी," ती म्हणाली आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. माझ्या डोळ्यांसमोरून मात्र तो थेंब हलेना. सर्दीचा थेंब येताना आधी वर्दी देतो. माणूस नाक ओढतो, रुमाल शोधतो. हा न विचारता आला होता, नळाचं वायसर गेल्यावर यावा तसा. आणि तो फार स्वच्छ होता. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर पाणी बघते. इतकं स्वच्छ पाणी आमच्याकडे फक्त एका बाटलीत असतं, आणि ते आम्ही विकत आणतो.

त्या दुकानात मी लहानाची मोठी झाले. दुकान म्हणजे आमच्या घराचीच रस्त्याकडची खोली. आई पुलांच्या कामावर असायची, पूल जिथे असेल तिथे. बाबा शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी उशिरा यायचे. त्यामुळे शाळा सुटली की मी सरळ आत्याच्या टेबलासमोर. तिथे तीन गोष्टींना बंदी होती: पंखा, मोठ्याने हसणं आणि शिंक. घड्याळाचा सगळ्यात लहान स्क्रू मोहरीच्या निम्म्याने असतो. पंख्याच्या वाऱ्याने तो सरकतो, हसण्याने उडतो आणि शिंकेने जो जातो तो या जन्मात सापडत नाही, असं आत्या म्हणायची. मी जमिनीवर पडलेला स्क्रू दोन बोटांत अलगद उचलून द्यायची म्हणून तिने माझं नाव चिमटू ठेवलं. घरात अजून तेच चालतं. शिंक गिळायलाही तिनेच शिकवलं. येते असं वाटलं की डोळे मिटायचे, अंगठा आणि तर्जनीने नाक घट्ट दाबायचं, तोंड बंद, आणि मग ती आतल्या आत जाऊ द्यायची. मला ते कधी नीट जमलं नाही. माझी शिंक कानातून बाहेर पडल्यासारखी व्हायची आणि दोन्ही कानांत दडे बसायचे. आत्याचं मात्र कसब होतं. खांदे जेमतेम हलायचे, कुठेतरी आत 'टुक' असा आवाज व्हायचा, आणि दुसऱ्या हातातला चिमटा होता तिथेच असायचा, एका केसाइतकाही न हलता. गिऱ्हाइकाला कळायचंसुद्धा नाही. बाबा म्हणायचे, "ताईच्या जन्मभराच्या शिंका आत साठल्यात. एक दिवस छप्पर उडणार आहे." तेव्हा आम्ही तिघंही हसायचो, आत्या हसताना टेबलापासून खुर्चीसकट वळून हसायची.

रुमाल मी धुवायचे, त्यामुळे पुढचं मला कळलं. सर्दीचा रुमाल वाळला की कडक होतो, खळ लावल्यासारखा. आत्याचे रुमाल मऊच वाळत होते. जणू तिने त्यांना नुसतं पाणी पुसलं होतं. एका सकाळी मी विचारलं, "आत्या, चव कशी लागते गं त्या पाण्याची?" "घाणेरडी कुठली," ती म्हणाली, मग जरा थांबून म्हणाली, "खारट. घशात उतरतं कधीकधी, झोपल्यावर." बाबांचं मत होतं की हे सगळं खिडकीजवळ झोपल्याने होतंय. त्यांनी तिची खाट आतल्या भिंतीला लावली. थेंब खाटेबरोबर आत आला. ती उभी असली की काही नाही, घरात वावरली तरी काही नाही; कामाला बसून वाकली की थोड्या वेळाने टप्. तिने टेबलाच्या कडेला, बरोबर आपल्या नाकाखाली येईल अशी, एक छोटी वाटी ठेवली होती आणि काम वाटीच्या पलीकडे सरकवलं होतं. तिला वाटलं, प्रश्न सुटला. मला ती वाटी बघवेना. डॉक्टरांकडे चल म्हणून मी दोन वेळा मागे लागले तेव्हा ती "येते बाई, पण एवढं एक घड्याळ होऊ दे" म्हणाली, आणि तिच्या टेबलावर नेहमी एवढं एक घड्याळ असतंच. शेवटी मी ती वाटीच उचलून घरात नेली, तेव्हा उठली.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तिला एक बाटली दिली, खुर्चीत बसून पुढे वाकायला सांगितलं, आणि सांगितलं की पाणी जमेपर्यंत असंच बसावं लागेल, बहुतेकांना जमत नाही, कंबर धरते. आत्या वाकून बसली. तिच्या आयुष्यातलं इतकं सोपं काम तिला कोणी दिलं नसेल. नर्स येऊन दोनदा बघून गेली. बाटली भरत आली तेव्हा आत्या मान न उचलता म्हणाली, "अजून एखादी असेल तर द्या." त्या पाण्यात एक प्रथिन सापडलं, जे फक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात असतं, नाकाच्या पाण्यात नसतं. मग डोक्याचं स्कॅनिंग झालं आणि डॉक्टरांनी पडद्यावर पेनाच्या टोकाने दाखवलं: हे नाकाचं छप्पर, हा वर मेंदू, आणि मधल्या पातळ हाडात ही फट. छप्पर हा शब्द त्यांनी आपणहून वापरला. बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला.

"केवढी आहे फट?" आत्याने विचारलं.

"लहान आहे. दोन मिलिमीटर."

"दोन?" आत्या दचकलीच. "अहो, दोन म्हणजे दरवाजा झाला."

डॉक्टर हसले, पण त्यांनी ते नाकारलं नाही. फट नाकातूनच बुजवता येईल, डोकं उघडावं लागणार नाही, तारीख पुढच्या महिन्यातली मिळेल, असं ते म्हणाले. काळजी आहे ती तोपर्यंतची. न्यूमोकॉकस नावाचा एक जंतू असतो, तो कितीतरी माणसांच्या नाकात राहतो, लहान मुलांच्या तर जास्तच, आणि त्यांना पत्ताही नसतो. नाकात असतो तोवर बहुधा काही करत नाही. पण नाक आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीला दार पडलं तर तो वर चढू शकतो, आणि मग मेंदूच्या आवरणांना सूज, म्हणजे मेनिंजायटिस. "होईलच असं नाही," ते म्हणाले, "पण झालाच तर सगळा तासांचा खेळ असतो. ताप, जोरात डोकेदुखी, मान आखडणं, उजेड नकोसा होणं. यातलं काही दिसलं तर घरी विचार करत बसायचं नाही. सरळ यायचं." आणि त्याआधी लस घ्यायची.

"लसीने भोक बुजतं का?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग सगळे जंतू अडतात?"

"तेही नाही. या एकाच जंतूच्या खूप जाती आहेत. त्यांतल्या जास्त त्रास देणाऱ्या वीस जातींविरुद्ध ही लस आहे. आणि अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे जातात."

आत्या विचार करत राहिली. तिचा विचार करतानाचा चेहरा म्हणजे एक डोळा बारीक होतो, भिंग नसलं तरी. "म्हणजे घड्याळाची काच फुटलीय आणि नवी यायला वेळ आहे," ती म्हणाली, "तोवर वर पेला पालथा घालायचा."

"अगदी तसंच."

"मग घाला पेला."

नंतर डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की शिंक आली की काय करता, आणि आत्याने मोठ्या अभिमानाने नाक दाबून, डोळे मिटून, खांदे जेमतेम हलवून दाखवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजपासून बंद," ते म्हणाले. शिंक आली की तोंड उघडून बाहेर. नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही. मी विचारलं की शिंकांमुळेच हे झालं का. तसं म्हणता येणार नाही, ते म्हणाले. काहींच्या डोक्यातला दाब मुळातच जास्त असतो, हाड मुळातच पातळ असतं. "पण त्या शिंकांनी मदत केली नाही, एवढं नक्की." परतताना रिक्षात आत्या म्हणाली, "वाकायचं नाही म्हणजे काय रे बाळ्या? मी दुसरं करते काय?" बाबांना ती बाळ्या म्हणते, बाबांचे विद्यार्थी आता आजोबा व्हायला लागलेत.

त्या आठवड्यात आमच्या घरात शिंकायचे वर्ग भरले. बाबा शिक्षक. ते खुर्चीत बसायचे, तोंड वासायचे, छातीत हवा घ्यायचे आणि घर हादरेल अशी खोटी शिंक द्यायचे. आत्या समोर बसून बघायची आणि पदराने तोंड झाकायची. "तोंड झाकायचं नाही, उघडायचं," बाबा म्हणायचे, "ताई, लाजायचं कशाला, आपलीच शिंक आहे." "अरे पण सगळ्यांसमोर!" "सगळे म्हणजे कोण? मी आणि चिमटू." मी त्या वेळी दाराबाहेर असायचे, तोंडावर मास्क लावून, कारण नेमकी मलाच तेव्हा सर्दी झाली होती, खरी, चिकट, कडक रुमालांची सर्दी. माझ्या नाकात काय काय राहतं ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टी मला आवडत नाहीत. मी ताट उचलून माझ्या खोलीत जेवायचे, तिच्याशी दारातून बोलायचे. "आत ये गं," आत्या म्हणायची, "मी काय तुमचा तलाव आहे का शेवाळ धरायला?" पण मी येत नव्हते. लहानपणी मला ताप आला की ती माझ्या उशाशी टेबलावरचं काम आणून बसायची. दुकान बंद करून घरात काम आणणं तिला आवडायचं नाही, आतला उजेड चुकीच्या बाजूने येतो म्हणायची, तरी आणायची. मला आठवतं ते तिचं डोकं, वरून नाही, खालून, उशीवरून बघितलेलं: हनुवटी, भिंगाची काळी नळी, आणि मधेच माझ्याकडे न बघता पुढे येऊन माझ्या कपाळाला टेकणारी बोटांची मागची बाजू. बोटांची टोकं ती टेकवायची नाही. टोकांना तेल असायचं. आणि आता मी तिच्यापासून सहा फुटांवर उभी राहून तिला विचारत होते, आज डोकं दुखतंय का, आणि ती म्हणत होती, "तू विचारतेस तेव्हा दुखतं."

पहिली खरी उघडी शिंक तिला टेबलाशी आली. वाकायला बंदी झाल्यावर बाबांनी टेबलाखाली विटा लावून ते तिच्या छातीपर्यंत वर आणलं होतं, म्हणजे ती ताठ बसून काम करू शकेल. एखाद्या लहान मुलीला मोठ्यांच्या टेबलाशी बसवावं तशी ती दिसायची. मी दारात उभी होते. तिचे डोळे मिटायला लागले, हात सवयीने नाकाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग ती अशी शिंकली की रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून आत बघायला लागला. हिरव्या कापडावर काही उरलं नाही. आत्या उघड्या तोंडाने त्या रिकाम्या कापडाकडे बघत होती. मला वाटलं, ती रडणार. ती हसायला लागली, न वळता, तिथेच, टेबलावर. "छान वाटतं की गं," ती म्हणाली. "तुम्ही सगळे हे रोज करता आणि मला कोणी सांगितलं नाही!" मग मी आणि बाबा अर्धी दुपार फरशीवर रांगलो आणि ती खुर्चीतून हुकूम सोडत होती, "बाळ्या, गुडघा उचल, गुडघ्याखाली आहे," आणि प्रत्येक वेळी ते तिथेच असायचं.

लस घेताना तिने नर्सच्या हातातली कुपी मागून घेतली, पिशवीतलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि मुदतीची तारीख वाचली. "बरोबर आहे," तिने नर्सला सांगितलं, जणू नर्सनेच विचारलं होतं. डाव्या दंडात टोचलं. संध्याकाळी दंड दुखत होता, तो दुखतोच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सूक्ष्मदर्शकाखाली तलावाच्या पाण्यातलं शेवाळ मोजत होते तेव्हा बाबांचा फोन आला. आवाज शाळेतला होता, वर्गाला घाबरवायचं नसतं तेव्हाचा. "ताईला जरा ताप आहे. आणि डोकं दुखतंय म्हणते." माझ्या डाव्या हातातल्या मोजयंत्रावर एक आकडा होता, तो मी लिहिलाही नाही. रिक्षात बसल्यावर मी स्वतःला समजावत होते. ताप: लसीने येतो, पुष्कळांना येतो, दोन दिवसांत जातो. डोकेदुखी: फट आहे, पाणी वाहतंय, त्यानेही दुखतं. घरी पोचले तर खोलीचा पडदा ओढलेला. "उजेड नको म्हणाली?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "नाही, मीच ओढला." मग म्हणाले, "तिने 'बरं केलंस' म्हटलं." थर्मामीटरवर एकशे एक पॉइंट चार होतं. लस टोचून एकच दिवस झाला होता. तिचा उपयोग सुरू व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता, त्रास मात्र ती आत्ताही देऊ शकत होती. प्रत्येक गोष्टीला दोन-दोन कारणं होती, एक साधं आणि एक नको असलेलं, आणि दोन्ही सारखीच बरोबर दिसत होती. प्रयोगशाळेत असं झालं की आम्ही नमुना परत घेतो. मी आत्याचे केस मागे सारले. माझी सर्दी गेली होती. तरी मी मास्क काढला नाही. "चल," मी म्हटलं. "कपडे बदलू दे," ती म्हणाली. "नको." ती माझ्याकडे बघून मुकाट्याने उठली, आणि त्याचीच मला भीती वाटली.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात एक डॉक्टर मुलगी होती, माझ्याच वयाची, केस पेन्सिलीने वर खोचलेले. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं: फट, थेंब, लस, ताप. तिने मधे तोडलं नाही. मग ती आत्याकडे वळली. "आजी, मान दुखते?"

"आजी कोणाला म्हणतेस गं? मान जन्मभर दुखते. घड्याळजी आहे मी."

"बरं, मावशी. झोपून राहा. आता हनुवटी छातीला लावून दाखवा."

आत्याने डोकं उचललं. हनुवटी पुढे आली, खाली आली, आणि छातीच्या दोन बोटं वर थांबली. चेहऱ्यावर दुखल्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं. डॉक्टरने तिच्या मानेखाली हात घालून हलकेच ढकललं. तिथेच. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "एरवी हनुवटी लागते?"

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी त्या मानेसमोर बसले. तिच्यावरची लव मला माहीत आहे, उजवीकडचा तीळ, भिंगाच्या पट्ट्याने पडलेला वळ. कोणी हाक मारली की ती मान वळवत नाही, खुर्चीसकट वळते, हे माहीत आहे. पण ती किती वाकते? मी आठवायला लागले, घाईघाईने, घरातले सगळे कप्पे उपसावेत तसं. ती वरचं बटण लावताना आरसा घेते. म्हणजे खाली बघता येत नाही म्हणून? की बटण जवळचं आणि तिला चष्मा लांबचा म्हणून? ती वाचताना पुस्तक वर धरते. पाणी पिताना मान मागे नेत नाही, पेला तिरका करते. टेबलाशी ती वाकते म्हणतो आपण, पण ती कुठून वाकते? मी डोळ्यांसमोर तिला बसवून बघितलं: कंबर वाकलेली, पाठ वाकलेली, आणि मान? मान पुढे आलेली असते, ताठ, कासवाने काढावी तशी. मग कदाचित कधीच लागत नसेल. किंवा मी आत्ता तशी आठवते आहे, कारण मला ती तशी हवी आहे. तलावाच्या पाण्याचा गढूळपणा मी रोज मोजते, दशांशापर्यंत. या मानेचा कोन मी एकदाही बघून ठेवला नव्हता. बाबांकडे बघितलं. ते तिचे भाऊ, साठ वर्षं तिच्यासोबत राहिलेले. त्यांनी स्वतःची हनुवटी छातीला लावून बघितली, आणि मग मान हलवली. "माहीत नाही," मी म्हटलं. आणि आरशाचं, पुस्तकाचं, पेल्याचं सांगितलं. डॉक्टर मुलीने ते नीट ऐकून घेतलं. "उपयोगाचं आहे," ती म्हणाली, "पण त्यावर मी थांबू शकत नाही." तिने लगेच रक्त घेतलं, शिरेतून प्रतिजैविक सुरू केलं, आणि सांगितलं की पाठीतलं पाणी काढून बघू. डोक्यातलं आणि पाठीतलं पाणी एकच असतं. त्यात पांढऱ्या पेशी मोजायच्या. "एका घन मिलिमीटरमध्ये पाचपर्यंत असल्या तर ठीक. या जंतूचा मेनिंजायटिस असेल तर शेकड्यांनी असतात, हजारोंनी."

पाठीतून पाणी काढताना कुशीवर निजून गुडघे पोटाशी घ्यावे लागतात आणि होईल तेवढं वाकावं लागतं, म्हणजे मणक्यांमधल्या जागा उघडतात. "वाका, अजून वाका," डॉक्टर मागून म्हणत होती. आत्याचं तोंड माझ्याकडे होतं, तिचे दोन्ही हात माझ्या हातांत. "काल वाकू नको, आज वाक," ती माझ्या मनगटापाशी पुटपुटली, "एक काय ते ठरवा म्हणावं." सुई गेली तेव्हा तिचे डोळे मिटले आणि खांदे जेमतेम हलले. मला ती हालचाल ओळखीची होती. "गिळू नकोस," मी म्हटलं, "ओरड." "शहाणी आहेस," ती म्हणाली आणि मग खरंच, हळूच, "आई गं" म्हणाली. तिच्या खांद्यावरून मला सुईचं टोक दिसत होतं. एक थेंब तिथे जमला, फुगला, सुटला आणि नळीत पडला. मग दुसरा. डॉक्टर तीन नळ्या भरत होती आणि मी तेच करत होते जे मी करते, थेंब मोजत होते, पण कितीदा सुरुवात केली तरी दहाच्या पुढे मला जाता येईना. "पाणी स्वच्छ दिसतंय," डॉक्टर म्हणाली. बाबांनी श्वास सोडला. मी सोडला नाही. आमच्याकडे चंचुपात्रात स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याच्या एका थेंबात कधीकधी एक अख्खं जंगल असतं. डॉक्टरलाही ते माहीत होतं. तिने नळ्या उजेडाला धरल्या, पण दिसण्याबद्दल पुन्हा काही बोलली नाही.

मग वाट बघणं. आत्याला सरळ उताणं निजवलं होतं. खिडकीतून दुपार उतरत होती, पडद्याशिवाय, आणि ती तिकडेच बघत होती. उजेडाकडे बघतेय, मी मनात नोंदवलं, आणि लगेच स्वतःवर चिडले. भिंतीपलीकडे, दोन दारं सोडून, कोणीतरी आता माझं काम करत असणार. काचेच्या तुकड्यावर कोरलेली बारीक जाळी, तिच्यावर दुसरी काच, आणि मधल्या पोकळीत सोडलेला तिच्या पाठीतला थेंब. पेशी तळाशी बसायला थोडा वेळ द्यायचा. घाई केली तर त्या तरंगत राहतात आणि आकडा खोटा येतो. मग चौकोनामागून चौकोन. वरच्या आणि डाव्या रेघेवर बसलेली पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची, म्हणजे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. हे मी हजारदा केलंय आणि एकदाही मला असं वाटलं नव्हतं की त्या जाळीच्या दुसऱ्या टोकाला कोणी एखाद्या खाटेवर निजलेलं असेल, आणि कोणीतरी त्याचा हात धरून बसलेलं. त्या मोजणाऱ्या माणसाला माझ्यासारखी खोड असू दे, मी म्हटलं. त्याला आत्ता कोणी हाक मारू नये. बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि मधूनमधून हनुवटी छातीला लावून बघत होते. "बाळ्या, बस कर," आत्या छताकडे बघत म्हणाली, "तुझी पण आखडेल." मग मला म्हणाली, "आणि तू. किती वेळ तो मास्क? तुझं तोंड विसरले मी." मी मास्क हनुवटीखाली ओढला. तिने नीट बघून घेतलं, एक डोळा बारीक करून. "बारीक झालीस," ती म्हणाली. मी तिच्या मानेखाली हात सारला. गरम होती, थोडी घामेजली होती, दोन्ही बाजूंचे स्नायू दोरखंडासारखे. "काय गं, ताठ आहे?" तिने विचारलं. "तुझीच आहे," मी म्हटलं. "मग असेलच," ती म्हणाली आणि डोक्याचं सगळं ओझं माझ्या तळहातावर सोडून दिलं. माणसाचं डोकं इतकं जड असतं हे मला वाचून माहीत होतं. माझ्या हाताला मुंग्या आल्या, तरी मी तो काढला नाही, आणि तिनेही काढ म्हटलं नाही. दार उघडलं. पेन्सिल खोचलेली डॉक्टर आत आली. तिच्या हातात एक चिठ्ठी होती आणि ती तिने बाबांना न देता मला दिली.

एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी : दोन.